धोंडिरामची न उडणारी पिस्तुलं

७ सप्टेंबर २०२५, रविवार

माझे बनियन नाहीसे होत आहेत. बाब गंभीर आहे. घरात मी ती तीनदा मांडली. तिन्ही वेळा माझी बायको नलिनी ‘हो का’ म्हणाली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत राहिली. म्हणून आता कागदावर मांडतो.

नवा बनियन म्हणजे नुसतं कापड. पाच-सहा पावसाळे अंगावर काढून, काखेत विरून, गळ्याशी ढिला पडून, धुतल्यावर कुठलाही आकार धरायचं त्याने नाकारलं की मग त्याला खरं बनियनत्व प्राप्त होतं. अशा सिद्धावस्थेला पोचलेले माझे चार बनियन महिन्याभरात दोरीवरून अंतर्धान पावले. वर्तमानपत्राला पत्र लिहायचं मनात होतं, पण संपादकांनी माझं पदपथावरच्या कुंड्यांविषयीचं पत्रही अजून छापलेलं नाही.

आज चोर सापडला. समोरच्या दारात चहाला गेलो तर धोंडिराम साळवे जमिनीवर बसलेला, मांडीवर पिस्तूल आणि हातात माझा बनियन.

“हा माझा आहे,” मी म्हणालो.

“होता,” धोंडिराम म्हणाला. “वहिनींनी दिला. म्हणाल्या घ्या, त्यांना कळायचं नाही.”

“मला कळलं.”

“चौथ्याला कळलं रे पंडित. पहिल्या तीनचं काय?”

मी शाळेत संस्कृत शिकवतो, एवढ्या भांडवलावर तो मला पंडित म्हणतो. तो स्वतः अंधेरीच्या एका सिनेमा स्टुडिओत प्रॉपर्टी खात्यात होता. पडद्यावर दिसणारी खुर्ची, टेलिफोन, तलवार, पिस्तूल वेळेवर जागेवर आणून ठेवणारं ते खातं. स्टुडिओचं गोदाम मोडीत निघालं तेव्हा हा भंगारवाल्याच्या आधी पोचला आणि सहा पिस्तुलं नाहूरला घेऊन आला. एकही उडत नाही. नळ्या भरीव आहेत. ही पोशाखाबरोबर मिरवायची पिस्तुलं. राजपुत्राच्या कमरेला शोभणारी चांदीच्या वेलबुट्टीची जोडी, राणीसाहेबांचं शिंपल्याच्या मुठीचं चिमुकलं, डाकूच्या छातीवर आडवं लटकणारं पितळी नक्षीचं धूड. प्रत्येकाला आपापलं चामड्याचं होल्स्टर. तीही जुनी, गडद तपकिरी, वापराने मऊ झालेली.

“यंदा दसऱ्याला हॉलमध्ये मांडायची,” धोंडिराम म्हणाला. “सगळ्या सोसायटीने बघायची. आणि मला एक गोष्ट सांगायचीय. सगळ्यांसमोर.”

“कुठली?”

“सगळ्यांसमोर म्हटलं ना. तू काय सगळे आहेस?” मग त्याने एक होल्स्टर माझ्यापुढे धरलं. “हे घे. हात लाव. टाका बघ.”

मी हात लावला, ‘छान’ म्हणालो आणि शिंपल्याची मूठ उजेडात धरून बघत बसलो. काय झळकते!

नंदावहिनी आतून चहा घेऊन आल्या. “कशाला सगळ्यांसमोर?” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “लोक हसतात.”

“हसू दे की.”

गोष्ट काय असावी याचा अंदाज मला आहे. राणीसाहेबांचं पिस्तूल कुठल्यातरी नटीने त्याला खासगीत भेट दिलं असणार. वहिनी उगीच नको म्हणत नाहीत.

१० सप्टेंबर, बुधवार

सोसायटीची मीटिंग. हर्षद सेक्रेटरी आहे; एरवी मराठी बोलतो, घाबरला की मालवणी.

“दोन ऑक्टोबर म्हणजे दसरा, कबूल. पण गांधी जयंती पण आहे, काका! त्या दिवशी पिस्तुलं? वाट लावणार तुम्ही माझी.”

“आणि आमचा धम्मचक्राचा दिवस पण तोच,” धोंडिराम म्हणाला. “सकाळी मी पांढरे कपडे घालून विहारात असणार. अरे, ही उडतच नाहीत. एवढी अहिंसक पिस्तुलं आख्ख्या देशात दुसरी दाखव.”

“पोलीस इले तर?”

“तर त्यांना पण दाखवू.”

शेवटी ठरलं असं: पोलिसांना आधी दाखवून यायचं, सकाळी नेहमीची शस्त्रपूजा व्हायची, संध्याकाळी प्रदर्शन. आमच्या शस्त्रपूजेत लिफ्टवाल्याचे पाने, प्लंबरची करवत आणि हर्षदचा लॅपटॉप असतो. गेल्या वर्षी कुणी मिक्सर आणून ठेवला होता. दसऱ्याला गुरुजी मिळत नाहीत, म्हणून मंत्र मी म्हणतो. मी सुचवलं की यंदा पिस्तुलंही पूजेत ठेवावीत. निदान एक वर्ष तरी शस्त्रपूजेत शस्त्रासारखं काही दिसेल.

“ठेव बाबा,” धोंडिराम म्हणाला. “तुझी फुलं, माझी पिस्तुलं.”

१३ सप्टेंबर, शनिवार

पोलीस ठाण्याची वारी. रिक्षात पिस्तुलं उघडी दिसू नयेत म्हणून नंदावहिनींनी ती भाजीच्या पिशवीत घालून वर मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या. ठाण्यात धोंडिरामने टेबलावर आधी मेथी काढली. हवालदार पेपर वाचत होता. मग डाकूचं धूड काढलं. हवालदार उभा राहिला.

आतून श्वेता नावाच्या तरुण सबइन्स्पेक्टर आल्या. एकेक नळी बघून झाल्यावर हसल्या. “भरीव आहेत की हो.” मग एक होल्स्टर उचलून त्यांनी उलटंपालटं केलं, कडेच्या शिवणीवरून बोट फिरवलं, वासही घेतला. “हे कुणी शिवलंय, काका? आम्हाला मिळतात ती दोन वर्षांत उसवतात.”

धोंडिरामने खुर्ची पुढे ओढली. श्वास घेतला.

नेमकं तेव्हाच मला आपल्या प्राचीन आयुधांचं वर्गीकरण आठवलं. हातातून सोडायची ती मुक्त, हातात धरूनच वापरायची ती अमुक्त, यंत्राने सोडायची ती यंत्रमुक्त. मग जे उडतच नाही ते पिस्तूल कशात बसवायचं? प्रश्न सूक्ष्म होता. मी तो सविस्तर मांडला. श्वेता मॅडमनी फार सौजन्याने ऐकलं. त्यांचा चहा गार झाला. ‘खुशाल मांडा’ असं सांगून मग त्या कुठल्याशा बंदोबस्ताला गेल्या.

परतताना धोंडिराम गप्प होता. इतक्या चांगल्या बाईंवर माझी छाप पडली, याचं त्याला वाईट वाटलं असावं. मेथी ठाण्यातच राहिली.

२१ सप्टेंबर, रविवार

आज सर्वपित्री. नलिनीने वडे आणि खीर केली होती. धोंडिराम आठ वडे खाऊन म्हणाला, “तुमचे पितर झकास जेवतात रे.” मग आम्ही प्रदर्शनाच्या पाट्या लिहायला बसलो.

पावसाळ्यात होल्स्टरांवर बुरशीचे पांढरे ठिपके धरतात. तो एकेक पुसत होता (बनियन क्रमांक दोन), मेण लावत होता, आणि मी लिहीत होतो. पिस्तुलांच्या पाट्या मी मन लावून लिहिल्या. ‘रौप्यलताविभूषित युग्म’ अशी जोडीची पाटी वाचून धोंडिराम म्हणाला, “कोण रे ही लता?”

होल्स्टरांसाठी एकच पाटी पुरेशी होती. माहिती मिळते का म्हणून एकाची झडप उलटून पाहिली, तर आतल्या बाजूला चामड्यात दाबलेली छोटी अर्धचंद्राची खूण. सगळ्यांवर तीच. मी लगेच ताडलं. लंडनच्या कुठल्यातरी पेढीचा शिक्का. लिहिलं: ‘विलायती बनावटीचे चर्मकोष.’

धोंडिरामने पाटी हातात घेतली. “विलायती?”

“ही सफाई बघ ना. टाक्याला टाका कसा बिलगलाय. इथे कोण शिवणार असं?”

तो असा हसत सुटला की चहा बनियनवर सांडला. “लिही, लिही. दसऱ्यापर्यंत राहू दे विलायती. त्या दिवशी मजा येईल.”

“कसली मजा?”

“नंदे, ऐकलंस का? पंडित म्हणतो विलायती!”

वहिनी मात्र हसल्या नाहीत. “भाऊजी, वडे छान झाले होते म्हणून सांगा नलिनीला,” एवढंच म्हणाल्या.

माझ्या निरीक्षणशक्तीने धोंडिराम थक्क झाला, हे नोंदवून ठेवतो.

२७ सप्टेंबर, शनिवार

बाहेर धो धो पाऊस. समोरच्या घरात रंगीत तालीम. धोंडिरामने लेंग्यावर डाकूचा पट्टा आवळला, नाकावर वाचायचा चष्मा लावला आणि मला ‘हात वर’ म्हणून दरडावलं. मी वर केले. पण पिस्तूल बाहेर येईना. नळीची पितळी नक्षी त्याच्या सदऱ्याच्या बटणात अडकली होती. मी हात वर करून उभा, तो वाकून बटण सोडवतोय, असा प्रसंग पुष्कळ वेळ चालला. नलिनी साखर परत करायला आली, आम्हाला बघून साखर ठेवून गेली.

“भाषण पाठ केलंस?” मी विचारलं.

“भाषण कसलं. चार वाक्यं आहेत.” तो पट्टा सोडत म्हणाला. “चारच. पण पहिलं निघत नाही तोंडातून.”

“मी लिहून देऊ?”

“तू? नको. तुझ्या पहिल्या वाक्यातच माणसं झोपतील.”

२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी

मोठा दिवस. क्रमाने लिहितो.

सकाळी लवकर धोंडिराम आणि नंदावहिनी पांढऱ्या कपड्यांत भांडुपच्या विहाराकडे निघाले. जाताना त्याने पिशवी माझ्याकडे दिली. सहाही पिस्तुलं आपापल्या होल्स्टरात. “सांभाळ रे. मी येतोच, तोवर तुझे मंत्र उरकून घे.”

हॉलमध्ये हर्षदने चौरंगावर लाल कापड घातलं होतं, झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, पाने-करवत-लॅपटॉप. मी पिस्तुलं होल्स्टरांतून काढून नीट पंख्यासारखी मांडली. लाल कापडावर फार शोभली. होल्स्टरं चामड्याची, ती पूजेत कशी चालणार? तेव्हा ती बाजूला ठेवायला जागा शोधली. खुर्च्यांवर माणसं होती, खिडक्यांतून झड येत होती. दाराशी चपलांचं रॅक आहे, त्याचा वरचा कप्पा रिकामा होता. तिथे ठेवली. कप्पा कोरडा होता.

पूजा उत्तम झाली. ‘आयुधेभ्यो नमः’ म्हणताना माझा आवाज असा लागला की प्लंबरने डोळे मिटले. हर्षदच्या लॅपटॉपवर अक्षता पडल्या, त्या कळांमध्ये गेल्या. आता ‘क’ उमटत नाही म्हणतो.

प्रसाद वाटत असताना धोंडिराम आला. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, चेहरा न्हाल्यासारखा. चपला काढून रॅकमध्ये ठेवायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मला वाटलं पाठीत उसण भरली. मग त्याने एकेक होल्स्टर उचलून सदऱ्याला पुसलं. काळे डाग पडले सदऱ्यावर.

“पंडित, ही इथे तू ठेवलीस?”

“हो. चामडं ना. पूजेत कसं...”

“बरोबर,” तो म्हणाला. आणि हसला. “बरोबर आहे.” सहाही होल्स्टरं छातीशी धरून तो वर घरी ठेवायला गेला.

संध्याकाळचं प्रदर्शन म्हणजे विक्रम. बी विंगमधले लोकही आले. धोंडिरामने असे किस्से सांगितले की हॉल हसून हसून दमला. हर्षदने राणीसाहेबांचं पिस्तूल धरून इतके सेल्फी काढले की गांधी जयंती विसरला. होल्स्टरं मात्र टेबलावर नव्हती. नुसती माझी पाटी होती. विचारलं तर म्हणाला, “दमट हवा आहे. घरीच बरी.”

“आणि तुझी ती गोष्ट?”

“कुठली?”

“सगळ्यांसमोर सांगायची होती ती.”

“अरे, विसरलोच,” तो म्हणाला.

वय होतंय आमचं. निघताना सोनं दिलं घेतलं. दरवर्षी तो सोनं देताना माझ्या बरगड्या मोडतील अशी मिठी मारतो. यंदा नुसतं पान हातात ठेवलं. गर्दी होती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बनियन परत आले! चारही. धुतलेले, इस्त्री केलेले (बनियनला इस्त्री!), घडी घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून. नंदावहिनी सकाळी दारातूनच देऊन गेल्या. मी विजयी मुद्रेने गठ्ठा नलिनीपुढे धरला.

तिने गठ्ठा खाली ठेवला. “तुम्हाला आनंद झालाय?”

“न्याय झालाय.”

“काल ती पिस्तुलांची कव्हरं चपलांच्या रॅकवर तुम्ही ठेवलीत?”

“वरच्या कप्प्यात.”

“धोंडिरामभाऊजींच्या वडलांनी शिवलीत ती. स्वतःच्या हाताने.”

मी म्हणालो, “ती तर विलायती आहेत.” हे मी खरोखर म्हणालो. नोंद राहू दे.

मग नलिनीने उभ्या उभ्या सांगितलं. वडील कराडकडून मुंबईला आले. गावात हे काम त्यांच्या घरात कुणी करत नव्हतं. इथे आल्यावर धारावीच्या कारखान्यात शिकले. स्टुडिओची ऑर्डर आली तेव्हा सहाही होल्स्टरं त्यांनी शिवली. पोचवायला गेले तेव्हा लहानग्या धोंडिरामला बरोबर नेलं. तिथे त्याने पहिल्यांदा स्टुडिओ पाहिला आणि पुढे तिथेच चिकटला. झडपेच्या आतला अर्धचंद्र म्हणजे रापी, चामडं कापायचं त्यांचं हत्यार. नाव घालायची सोय नव्हती, म्हणून ती खूण.

“हेच सांगणार होते ते काल. सगळ्यांसमोर.”

“तुला कसं माहीत?”

“नंदाने सांगितलं. दहा वर्षं तरी झाली असतील.” ती कणीक मळायला वळली. “तुम्ही कधी विचारलंत?”

४ ऑक्टोबर, शनिवार

बनियनांचा गठ्ठा काखेत घेऊन समोरची बेल वाजवली. तीस वर्षांत बेल प्रथमच वाजवली. एरवी दार ढकलून जातो. धोंडिरामने दार उघडलं आणि म्हणाला, “या.”

‘या’ म्हणाला मला.

बसलो. वाटेत (म्हणजे दोन दारांमध्ये) चांगली वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली. “माफ कर,” एवढंच म्हणालो.

“कशाबद्दल?”

“रॅकबद्दल.”

“मुद्दाम ठेवलीस?”

“नाही रे! शपथ.”

“तेच तर.” तो खिडकीकडे बघत म्हणाला. “मुद्दाम ठेवली असतीस तर भांडलो असतो. मस्त भांडलो असतो, आख्खी विंग जमवली असती. पण तुझा हात आपोआप गेला. आता त्याच्याशी काय भांडू?”

मी बनियनांचा गठ्ठा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला.

तेवढ्यात हर्षद घामाघूम होऊन आला. जोडून सुट्टी घेऊन गावी गेलेली मंडळी परतली होती. पिस्तुलं बघायला मिळाली नाहीत म्हणून त्याला फाडून खात होती. “काका, उद्या सकाळी परत लावा ना. प्लीज!”

“पिस्तुलं घेऊन जा,” धोंडिराम म्हणाला. “मी येत नाही.”

“येणार,” नंदावहिनी आतून म्हणाल्या.

“तूच म्हणत होतीस ना, कशाला म्हणून?”

“म्हणत होते. तेव्हा तुम्हाला सांगायचं होतं म्हणून म्हणत होते. आता तुम्हाला सांगायचं नाही, तर मला ऐकायचंय.” त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “मामंजींनी काय चोरी केली होती? हर्षद, सगळ्यांना अकराला बोलव. आणि भाऊजी, ती पाटी तुम्ही बदलणार.”

“आजच,” मी म्हणालो.

“आणि बनियन कुठे चाललात घेऊन? ठेवा इथे.”

५ ऑक्टोबर, रविवार

नवी पाटी लिहायला पुष्कळ वेळ गेला. सहा मसुदे फाडले. सगळ्यांत विशेषणं शिरत होती. शेवटी उरलं ते हे:

‘होल्स्टर. शिवणार: केरू भिकाजी साळवे, धारावी.’

लाल कापड मी घरून नेलं. मधोमध सहा होल्स्टरं, झडपा उघडून, खूण दिसेल अशी. पिस्तुलं मागे, एका ओळीत, पाट्यांशिवाय. ‘रौप्यलताविभूषित’ घरी राहिली.

धोंडिराम आला. टेबलाकडे बघितलं, पाटी वाचली, चष्मा काढून पुसला, परत वाचली. “पंडित, भिकाजी तुला कुणी सांगितलं?”

“वहिनींनी.”

“अक्षर बरं काढलंयस.”

लोक जमले. मला वाटलं पहिलं वाक्य पुन्हा अडकणार, आणि अडकलंच. तो खाकरला, पाणी प्यायला, परत खाकरला. माझ्या जिभेवर दोन-तीन प्रास्ताविकं आली होती. मी ती गिळली. तेवढ्यात मागून आवाज आला, “काका, त्या दिवशी मला उत्तर मिळालंच नाही. कुणी शिवली ही?”

साध्या ड्रेसमध्ये श्वेता मॅडम. हर्षदने खबरदारी म्हणून ठाण्यात कळवलं होतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी खास आल्या होत्या. प्रश्न धोंडिरामला होता, पण बघत माझ्याकडे होत्या. हॉलमध्ये खसखस पिकली. मी तोंडावर बोट ठेवलं.

“माझ्या बापाने,” धोंडिराम म्हणाला. आणि मग थांबेचना.

“ऑर्डर आली तेव्हा मापं आधी घेतली होती. पण शूटिंग लांबलं आणि हीरोचं पोट वाढलं. पट्टा लागेना. बापाला तातडीने बोलावलं. बाप आरी घेऊन गेला, मी मागे मागे. डायरेक्टर ओरडला, ह्याला आत कुणी सोडलं? हीरो म्हणाला, गप, हाच मला वाचवणार आहे. बापाने गुडघ्यावर बसून दोन भोकं पाडली, पट्टा बसवला. हीरो कानात म्हणाला, मामा, कुणाला सांगू नका. बापाने मरेपर्यंत सांगितलं नाही. आता हीरो पण नाही, बाप पण नाही. बघा, ही ती दोन भोकं.”

पट्टा हातोहात फिरला. हर्षदने कमरेला लावून बघितला. शेवटच्या भोकातही बसेना. “काका, तिसरं भोक मारा,” म्हणाला, आणि हॉल कोसळला.

“सिनेमाच्या शेवटी पाटी येते ना नावांची,” धोंडिराम म्हणाला. “त्यात सगळ्यांची नावं होती. चहावाल्याचं पण. आम्ही थेटरात शेवटपर्यंत बसलो. बाप म्हणाला, पुढच्या पिक्चरला येईल.” त्याने टेबलावरची पाटी उचलून वर धरली. “आली. उशिरा आली.”

नंदावहिनी टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिल्या होत्या.

सगळं उरकल्यावर धोंडिरामने हसत हसत बरगड्या मोडणारी मिठी मारली. उजवीकडची अजून दुखते आहे. काय बरं वाटलं!

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

गच्चीवर मसाला दूध झालं. हर्षदचा ‘क’ परत आला. धोंडिरामने आज आणखी दोन बनियन मागून नेले; त्यातला एक अजून तरुण होता, पण मी काही बोललो नाही. दुपारी समोर बसून पहिल्यांदाच एक होल्स्टर मी स्वतः पुसलं. “गोल गोल फिरव रे, फळा पुसतोयस का?” म्हणून शिव्या खाल्ल्या. म्हणजे सर्व पूर्ववत आहे.

इथेच थांबणार होतो. पण दैनंदिनी कुणी वाचायची नसते, तेव्हा लिहितो.

काल धोंडिराम हसला. दोन तारखेला रॅकपाशीही हसला होता. मी दोन्ही वेळा समोर होतो आणि मला दोन्ही हसणी सारखीच दिसली. या खेपेला बनियन परत आले म्हणून नलिनी बोलली, आणि ती बोलली म्हणून मला कळलं. तीस वर्षं आम्ही समोरासमोर राहतो. माझा हात आधी किती वेळा असा आपोआप गेला असेल आणि तो ‘बरोबर आहे’ म्हणून हसत घरात गेला असेल, हे मला ठाऊक नाही. विचारलं तर तो काहीतरी विनोद करून टाळेल. आणि टाळलं नाही, खरंच सांगायला बसला, तर ऐकायचं कसं, याची मला भीती वाटते.